दवंडीपासून पदवीपर्यंत

खेडेगांवांत पूर्वीं दवंडी पिटीत असत. डफाचा आवाज झाला, 'ऐका हो ऐका' अशी आरोळी उठली, कीं कामांत असलेलीं माणसें क्षणभर हात थांबवीत. सरकारी हुकूम काय, गुरांचा बाजार कोणत्या दिवशीं, पट्टी भरण्याची मुदत किती, एवढें ऐकून घेत आणि पुन्हां कामाला लागत. दवंडीवाल्याला विद्या एकच लागे, ती म्हणजे गळ्याची. ती शिकविण्यासाठीं कोणी विद्यापीठ काढावें, ही कल्पनाही कोणाच्या मनांत आली नसती.

आज त्याच आरोळीच्या वंशांतील विद्येला विद्यापीठांत आसन मिळालें आहे. 'मार्केटिंग कम्युनिकेशन' हें तिचें इंग्रजी नांव; मराठींत तिला विपणनसंवाद म्हणतां येईल. पदवी घेतल्यानंतर आणखी एक किंवा दोन वर्षें अभ्यास करून या विषयांत पदव्युत्तर पदवी अथवा पदविका मिळवितां येते. शहरांतील अनेक सुशिक्षित घरांत हल्लीं हा प्रश्न जेवणाच्या पानावर निघतो. मुलगा किंवा मुलगी बी. ए. अथवा बी. कॉम. होते आणि सांगते कीं, वकिली नको, बँकेची परीक्षा नको, हाच विषय शिकावयाचा आहे. वडील माणसें म्हणतात, 'न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहींत आणि बोलणाऱ्याचा कोंडाही विकतो, हें तर आजीलाही ठाऊक होतें. त्यासाठीं दोन वर्षें शाळेंत कशाला बसावयाचें?'

हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. नांवाजलेल्या खाजगी संस्थांत या शिक्षणाचा खर्च लाखांच्या घरांत जातो. त्यासाठीं कित्येक घरांत ठेव मोडावी लागते, कित्येक घरांत कर्ज काढावें लागतें. शिवाय मुलांच्या आयुष्यांतील दोन वर्षें खर्ची पडतात, आणि तीं ऐन उमेदीचीं असतात. तेव्हां या विद्येंत खरोखर शिकण्यासारखें कांहीं आहे काय, आणि असल्यास तें कोणतें, याचा शांतपणें विचार झाला पाहिजे.

प्रथम विषयाची व्याप्ति ध्यानांत घेणें जरूर आहे. विपणन म्हणजे नुसती विक्री नव्हे. तयार माल गिऱ्हाइकाच्या गळ्यांत बांधणें ही विक्री. गिऱ्हाइकाची गरज आधीं ओळखून माल, किंमत आणि व्यवस्था त्या बेतानें ठरविणें हें विपणन. अमेरिकन अध्यापक जेरोम मॅकार्थी यांनीं १९६० सालच्या आपल्या पुस्तकांत या व्यवहाराचीं चार अंगें सांगितलीं: वस्तु, किंमत, विक्रीचें ठिकाण आणि प्रसार. इंग्रजींत या चारी शब्दांचा आरंभ 'पी' या अक्षरानें होतो, म्हणून जगभरचे विद्यार्थी तीं पाढ्यासारखीं पाठ करतात. विपणनसंवाद हें यांपैकीं चौथ्या अंगाचें सविस्तर शास्त्र होय. वर्तमानपत्रांतील जाहिरात हा त्याचा केवळ एक भाग झाला. दुकानांतील मांडणी, वेष्टणावरचा मजकूर, सवलतीची योजना, वृत्तपत्रांशीं व जनतेशीं ठेवावयाचे संबंध, तक्रारीला दिलेलें उत्तर, आणि आतां हातांतल्या फोनवर येणारा संदेश, हीं सर्व त्यांतच मोडतात.

हीं अंगें पूर्वीं निरनिराळ्या माणसांच्या हातीं असत. परिणाम असा होई कीं, एकच पेढी तीन तोंडांनीं बोले. समजा, एखाद्या बँकेच्या जाहिरातींत वृद्ध खातेदार हंसतमुखानें बसलेला आहे. त्याच बँकेचें पत्र मात्र धमकीच्या भाषेंत येतें. आणि खिडकीपाशीं गेल्यास कारकून मान वर करीत नाहीं. गिऱ्हाइकाच्या मनांत या तिन्ही अनुभवांचें मिळून एकच मत तयार होतें, आणि तें जाहिरातीवरून बनत नाहीं, खिडकीवरून बनतें. हीं सारीं बोलणीं एकसूत्री असावींत, हा विचार अमेरिकेंत १९८० नंतरच्या काळांत बळावला. शिकागोजवळ इव्हॅन्स्टन येथें असलेल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठानें त्याला पदव्युत्तर अभ्यासक्रमाचें रूप दिलें. तेथील अध्यापक डॉन शुल्ट्झ यांनीं स्टॅन्ली टॅननबॉम आणि रॉबर्ट लॉटरबॉर्न यांच्यासह १९९३ सालीं या एकत्रित विपणनसंवादावर लिहिलेलें पुस्तक या विषयाचा पायाभूत ग्रंथ समजलें जातें.

लॉटरबॉर्न यांनीं त्यापूर्वीं, १९९० सालीं, मॅकार्थींचें कोष्टक उलटें करून दाखविलें होतें. वस्तूच्या जागीं गिऱ्हाइकाची गरज पाहावी, किंमतीच्या जागीं त्याला पडणारा एकूण खर्च पाहावा, विक्रीच्या ठिकाणाऐवजीं त्याची सोय पाहावी, आणि प्रसाराच्या जागीं संवाद ठेवावा, असें त्यांचें प्रतिपादन. शब्द चारच बदलले, परंतु पाहणाऱ्याची जागा बदलली. पूर्वींचा विद्यार्थी दुकानाच्या गादीवरून रस्त्याकडे पाहत होता; नवा विद्यार्थी रस्त्यावर उभा राहून दुकानाकडे पाहूं लागला.

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांत ही विद्या रुजली त्याला जुना इतिहास आहे. मिनेसोटा विद्यापीठांतील हार्लो गेल यांनीं १८९५ च्या सुमारास आसपासच्या व्यापाऱ्यांना प्रश्नावली धाडून जाहिरातीविषयीं त्यांचीं मतें विचारलीं होतीं. उत्तरें फार थोडीं आलीं. मानसशास्त्राचा आणि बाजाराचा कांहीं संबंध असेल, हें त्या काळीं व्यापाऱ्यांच्या गांवींही नव्हतें. पुढें १९०१ सालीं शिकागोंतील जाहिरातधंद्याच्या एका क्लबांत वॉल्टर डिल स्कॉट यांचें व्याख्यान झालें. स्कॉट हे जर्मनींतील लाइप्झिग येथें वुंट यांच्यापाशीं शिकून आलेले आणि नॉर्थवेस्टर्नमध्यें मानसशास्त्र शिकविणारे. लक्ष कशाकडे जातें, स्मरण कशाचें राहतें, इच्छा कशी जागी होते, हे प्रयोगशाळेंतील प्रश्न त्यांनीं बाजारांत आणले. १९०३ सालीं त्यांचें जाहिरातीच्या उपपत्तीवरील पुस्तक निघालें आणि १९०८ सालीं जाहिरातीच्या मानसशास्त्रावरील. हेच स्कॉट १९२० पासून १९३९ पर्यंत त्या विद्यापीठाचे अध्यक्ष होते. त्यांच्याच कारकीर्दींत, १९२१ सालीं, तेथें मेडिल यांच्या नांवाची वृत्तविद्याशाळा निघाली. विपणनसंवादाचा अभ्यासक्रम पुढें याच शाळेंत वाढला, आणि २०११ सालीं शाळेच्या नांवांतही त्याचा समावेश झाला. भारतांतील महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासलें गेलेलें विपणनव्यवस्थेवरील पाठ्यपुस्तक, जें १९६७ सालीं प्रथम प्रसिद्ध झालें, त्याचे लेखक फिलिप कोटलर हेही याच विद्यापीठांतील अध्यापक.

परंतु ग्रंथांच्या नांवांवरून विद्येचें मर्म कळत नाहीं. तें दोन विद्वानांच्या चरित्रांतील लहान गोष्टींत अधिक स्पष्ट दिसतें. जॉन वॉटसन हे अमेरिकेंतील नामांकित मानसशास्त्रज्ञ. मनाच्या खोलींत शिरण्याचा प्रयत्न करण्यापेक्षां माणसाचें वागणें पाहावें व मोजावें, या मताचे ते प्रवर्तक होते. १९२० सालीं त्यांना जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांतील आसन सोडावें लागलें, आणि ते जे. वॉल्टर टॉम्सन या जाहिरातसंस्थेंत आले. संस्थेनें या पंडिताला लागलीच जाहिराती रचावयास बसविलें नाहीं. मिसिसिपी नदीच्या कांठीं रबरी बूट कोण घेतो, कोणते घेतो, याची चौकशी करीत त्यांना हिंडावें लागलें. किराणा दुकानदारांकडे जाऊन कॉफी विकावी लागली. न्यूयॉर्क शहरांतील मेसीज या प्रचंड दुकानांत कांहीं आठवडे साधा विक्रेता म्हणून उभें राहावें लागलें. ज्याच्या ग्रंथांवर विद्यापीठांत वाद होत, तो गृहस्थ फळीपलीकडे उभा राहून कोण कोणती वस्तु उचलतो आणि कोणती परत ठेवतो हें पाहत होता. चार वर्षांनीं तोच त्या संस्थेचा उपाध्यक्ष झाला.

दुसरे विद्वान जॉर्ज गॅलप. त्यांनीं आयोवा येथें, १९२८ सालच्या आपल्या प्रबंधासाठीं, वर्तमानपत्राच्या वाचकांची पाहणी केली. 'काय वाचतां?' असें विचारलें कीं लोक प्रतिष्ठेचें उत्तर देतात, हें त्यांनीं ओळखलें. अग्रलेख वाचतों असें सांगणें कोणाला आवडत नाहीं? म्हणून त्यांनीं अंकच वाचकापुढें धरला, आणि पान उलटीत, स्तंभ दाखवीत, यांतील नेमकें काय वाचलें तें विचारलें. तेव्हां असें आढळलें कीं, छायाचित्रें आणि विनोदी चित्रमालिका यांना पहिल्या पानावरच्या भारदस्त बातम्यांपेक्षां अधिक वाचक आहेत. गॅलप यांनींही पुढें कांहीं काळ नॉर्थवेस्टर्नमध्यें अध्यापन केलें.

दवंडीवाला गांवाला 'ऐका' म्हणे. या विद्येच्या विद्यार्थ्याला गुरु पहिल्या दिवशीं त्यालाच 'ऐक' म्हणतो. बोलण्याआधीं ऐकणें ही या अभ्यासाची पहिली इयत्ता आहे, आणि शेवटचीही तीच आहे. बाकीच्या साऱ्या गोष्टी मधल्या इयत्तांच्या.

महाराष्ट्राला हा धडा पदवीवांचून मिळालेला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ च्या सुमारास बेळगांवांत लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासेल, विषारी होईल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास सुमारें दोन वर्षें गेलीं असें सांगतात. ही समजूत मोठ्या अक्षरांच्या जाहिरातीनें गेली नसती. शेतकऱ्याची भीति ऐकून घ्यावी लागली, आणि शेतांत नांगर चालवून उत्तर द्यावें लागलें. पुढें १९२० सालीं शंकरराव किर्लोस्करांनीं किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' हें मासिक काढलें. त्याचा मूळ हेतु कारखान्याची व त्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेण्याचा. परंतु वाचकाला काय हवें आहे याकडे संपादकाचें इतकें लक्ष राहिलें कीं, तें कारखान्याचें पत्रक न राहतां मराठी घरांचें मासिक झालें, आणि 'स्त्री' व 'मनोहर' हीं त्याचीं भावंडें निघालीं. आजच्या विद्यापीठांत ज्याला विपणनसंवादाचा उत्तम पाठ म्हणतील, तो शंभर वर्षांपूर्वीं सांगली भागांतील एका माळावर गिरविला गेला होता.

आतां भारतांतील रीतसर शिक्षणाकडे वळणें योग्य होईल. मुंबईंत जाहिरातीचा धंदा जुना आहे. गिरगांवांतील बी. दत्ताराम आणि कंपनी १९०५ सालीं निघाली. वर उल्लेखिलेल्या जे. वॉल्टर टॉम्सन संस्थेनें १९२९ सालीं मुंबईंत कचेरी उघडली. परंतु धंदा शिकण्याचा मार्ग उमेदवारीचाच होता. दिल्लींत १९६५ सालीं भारतीय जनसंचार संस्था आणि मुंबईंत १९६९ सालीं झेवियर महाविद्यालयाच्या आवारांत संज्ञापनाची संस्था स्थापन झाली. जाहिरातकलेचे पदव्युत्तर वर्ग अशा संस्थांतून वाढले. १९९१ सालीं 'मुद्रा' या जाहिरातसंस्थेचे संस्थापक ए. जी. कृष्णमूर्ति यांच्या पुढाकारानें अहमदाबादजवळ शेला येथें मुद्रा इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स ही निवासी संस्था उभी राहिली. विपणन आणि संवाद यांची सांगड घालणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम हें तिचें वैशिष्ट्य. तिच्या प्रवेशपरीक्षेंत गणित व भाषा यांबरोबर उमेदवाराच्या स्वभावाची पारख करणारा भागही असतो. पुण्यांत सिंबायोसिसच्या संस्थेंतही संवादव्यवस्थापन या विषयांत एम. बी. ए. होतां येतें.

या वर्गांत शिकवितात तरी काय? घरांतील वडील माणसांची अशी समजूत असते कीं, तेथें चटकदार वाक्यें रचावयास शिकवीत असतील. वस्तुतः अभ्यासाचा मोठा भाग आंकड्यांचा असतो. गिऱ्हाइकाचें वर्तन, पाहणीचें शास्त्र, संख्याशास्त्र, माध्यमांची निवड, खर्चाचें अंदाजपत्रक, व्यापारी कायदा, हे विषय आधीं येतात. मजकूर आणि चित्र त्यानंतर. एक साधें उदाहरण पुरे आहे. शंभर घरांपैकीं साठ घरांत संदेश पोंचला आणि प्रत्येक घरांत तो सरासरी पांच वेळां गेला, तर गुणाकार ३०० होतो. शंभरांपैकीं तीस घरांत तोच संदेश दहा वेळां गेला, तरीही गुणाकार ३०० च होतो. आंकडा एक, परंतु पहिल्या योजनेंत चाळीस घरें कोरडीं राहिलीं, दुसरींत सत्तर. नवा साबण सर्वांच्या कानांवर घालावयाचा असेल तर पहिली योजना बरी. अवघड विमायोजना थोड्यांनाच पण नीट समजवावयाची असेल तर दुसरी. केवळ ३०० हा आंकडा दाखवून मालकाचे पैसे खर्च करणारा आणि त्या आंकड्याच्या पोटांत काय आहे तें पाहणारा, या दोघांत जें अंतर आहे, तेंच शिक्षणाचें मोल.

दुसरी शिकवण प्रयोगाची. अमेरिकेंत क्लॉड हॉपकिन्स यांनीं १९२३ सालीं जाहिरातीच्या शास्त्रीय पद्धतीवर छोटें पुस्तक लिहिलें. जाहिरातीच्या कोपऱ्यांत खुणेचें कूपन छापावें, दोन निरनिराळे मजकूर दोन ठिकाणीं द्यावेत, आणि कोणत्या मजकुराचीं कूपनें अधिक आलीं तें मोजावें, ही त्यांतील रीत. आज संकेतस्थळांवर व फोनवर हाच प्रयोग चालतो. कूपनाच्या जागीं बोटाचा स्पर्श मोजतात, इतकाच फरक. आपल्याला आवडलेलें वाक्य गिऱ्हाइकाला आवडेलच असें नाहीं, हा विनय विद्यार्थ्याच्या अंगीं यावा, यासाठीं ही कसरत.

संवादाच्या शक्तीबरोबर त्याची मर्यादाही शिकावी लागते. १९६९ सालीं अहमदाबादेंत करसनभाई पटेल यांनीं 'निरमा' ही धुण्याची पावडर घरोघर नेऊन विकावयास आरंभ केला. तिची किंमत 'सर्फ'च्या मानानें फारच कमी होती. १९८० नंतरच्या दशकांत 'सर्फ'च्या बाजूनें दूरचित्रवाणीवर ललिताजी नांवाची गृहिणी अवतरली. अलेक पदमसी यांच्या लिंटास संस्थेची ही निर्मिति. भाजीबाजारांत चोखंदळपणें घासाघीस करणारी ही बाई स्वस्त वस्तु आणि चांगली वस्तु यांतील भेद ठसक्यांत सांगे. मध्यमवर्गीय घरांत ती ओळखीची झाली, कारण तिच्यांत शेजारीण दिसे. ऐकण्याच्या विद्येचा हा सुंदर नमुना. परंतु जिच्या पिशवींत महिन्याअखेर पैसेच कमी, तिला हा युक्तिवाद पुरणारा नव्हता. अखेर हिंदुस्थान लिव्हर कंपनीला 'व्हील' ही स्वस्त पावडर बाजारांत आणावी लागली. किंमतीच्या प्रश्नाला नुसत्या शब्दांनीं उत्तर देतां येत नाहीं, हें विद्यार्थ्याच्या मनावर बिंबविण्यास याहून चांगलें उदाहरण नाहीं.

येथपर्यंत कौशल्याचा विचार झाला. परंतु सुशिक्षित घराला खरी काळजी वेगळीच असावयास हवी. माणसाच्या भीतीचें आणि इच्छेचें ज्ञान ज्याला मिळालें, तो त्या ज्ञानाचें काय करील? १९७५ सालीं 'फेअर अँड लव्हली' हें मलम भारतांत विक्रीला आलें. सांवळी मुलगी गोरी झाली कीं तिला स्थळ मिळतें, नोकरी मिळते, अशा आशयाच्या जाहिराती वर्षानुवर्षें दाखविल्या गेल्या. लोकांच्या मनांत काय आहे हें त्या जाहिराती करणाऱ्यांनीं नीट ऐकलें होतें, यांत शंका नाहीं. परंतु जें ऐकलें तो समाजाचा एक दुखरा भाग होता, आणि त्यावर फुंकर न घालतां बोट ठेवण्यांत आलें. स्त्रियांच्या संघटनांनीं तक्रारी केल्या. जाहिरातींच्या स्वयंनियमनासाठीं १९८५ सालीं स्थापन झालेल्या परिषदेनें २०१४ सालीं सांवळ्या वर्णाला हिणविणाऱ्या जाहिरातींविरुद्ध नियम केले. २०२० सालीं मलमाचें नांवही बदललें. त्या पंचेचाळीस वर्षांत आरशापुढें उभ्या राहून खिन्न झालेल्या मुलींचा हिशेब मात्र कोणत्याही ताळेबंदांत मांडलेला नाहीं.

याच विद्येची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९९५ पासून देशभर पोलिओच्या थेंबांची मोहीम सुरू झाली. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागांत कित्येक कुटुंबें दार लावून घेत. या थेंबांनीं मुलें पुढें निर्वंश होतील अशी अफवा होती. अमिताभ बच्चन यांच्या रागीट आवाजांतील जाहिराती सर्व देशानें ऐकल्या. पण बंद दार केवळ त्या आवाजानें उघडलें नाहीं. त्याच वस्तींतील स्त्रिया घरोघर गेल्या, शंका ऐकून घेतल्या, मशिदींतील मौलवींचें साह्य मिळविलें, आणि पुन्हां पुन्हां त्याच दारांत उभ्या राहिल्या. भारतांतील शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजीं बंगालमध्यें, हावडा जिल्ह्यांत, आढळला. आणि २७ मार्च २०१४ रोजीं जागतिक आरोग्यसंघटनेनें हा भूभाग पोलिओमुक्त ठरविला. मलम आणि थेंब, दोहोंच्या मागें विद्या एकच. ती कोणाच्या हातीं आणि कोणत्या हेतूनें जाते, यावर तिचें पुण्य आणि पाप अवलंबून आहे.

म्हणून कायद्याचा भाग हा या अभ्यासांत शेपटासारखा शेवटीं लोंबत ठेवूं नये. जादूटोण्यानें रोग बरे करण्याच्या आणि कांहीं ठराविक रोगांवर हमखास औषध देण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानें बंदी आहे. २०१९ च्या ग्राहकसंरक्षण कायद्यान्वयें फसव्या जाहिरातीबद्दल प्रथम दहा लाखांपर्यंत आणि पुन्हां तसेंच केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊं शकतो; जाहिरातींत झळकणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही जबाबदारी टाळतां येत नाहीं. ज्या मुलाला किंवा मुलीला या धंद्यांत पडावयाचें आहे, त्यांना ही रेघ आधीं दाखविली पाहिजे.

आणखी एक शंका अलीकडे घरोघर विचारली जाते. मजकूर लिहिणारीं आणि चित्रें काढणारीं यंत्रें आतां सर्वांच्या हातीं आलीं आहेत. एका साबणाचे वीस मथळे तीं क्षणांत रचून देतात. मग या शिक्षणाला अर्थ उरला काय? ज्यांनीं मथळे रचण्यापुरतेंच शिक्षण घेतलें, त्यांना खरोखरच धोका आहे. पहिल्या वर्षीं शिकलेलें साधन दुसऱ्या वर्षीं जुनें होतें, आणि अशा साधनांसाठीं लाखो रुपये मोजणें शहाणपणाचें नाहीं. परंतु वीस मथळ्यांतून कोणता खरा, कोणता खोटा, कोणता एखाद्याच्या वर्मीं लागेल, हें ठरविण्यास माणूस लागतो. आणि ज्यानें बाजार, चाळ व खेडें पायानें तुडविलें नाहीं त्याला तें ठरवितां येणार नाहीं.

तात्पर्य, वडील माणसांनीं मुलांना एकदम नाहीं म्हणूं नये आणि एकदम होयही म्हणूं नये. संस्थेकडे चार गोष्टींची चौकशी करावी. पदवी मान्यताप्राप्त आहे काय? संख्याशास्त्र व पाहणीचें शास्त्र तेथें मनापासून शिकवितात कीं उरकतात? दोन वर्षांत विद्यार्थी किती आठवडे प्रत्यक्ष दुकानांत, गांवांत आणि कचेऱ्यांत काढतो? आणि मागील वर्षीं वर्गांत मध्यम क्रमांकावर असलेल्या विद्यार्थ्याला कोणतें काम मिळालें? पहिल्या क्रमांकाच्या मुलाची कहाणी संस्था आपण होऊन सांगते. मध्यम क्रमांकाच्या मुलाची विचारूनच घ्यावी लागते. मन निश्चित नसल्यास एकदोन वर्षें नोकरी करून मग वर्गांत जाणेंही हिताचें. ज्यानें एकदां तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला तोंड दिलें आहे, त्याला पुस्तकांतील वाक्य लवकर समजतें.

मराठी घरांतील मुलांच्या पदरीं याशिवाय एक भांडवल आहे, आणि तें बहुधा त्यांच्याच ध्यानांत येत नाहीं. वर्गांतील भाषा इंग्रजी असली तरी बाजाराची भाषा मराठी आहे. इंग्रजींतून अथवा हिंदींतून शब्दाला शब्द ठेवून उतरविलेल्या मराठी जाहिराती रोज कानांवर पडतात, आणि ऐकणाऱ्याला त्या परक्या वाटतात. लातूरच्या शेतकऱ्याशीं, मालवणच्या कोळिणीशीं आणि दादरच्या गृहिणीशीं एकाच मराठींत बोलून चालत नाहीं, हें ज्याच्या कानाला कळतें, त्याची किंमत पदवीच्या कागदानें वाढेल. ज्याच्या कानाला कळत नाहीं, त्याला तो कागद कांहीं शिकविणार नाहीं.

आजीची म्हण अजूनही खोटी ठरलेली नाहीं. कोंडा विकण्यास पदवी लागत नाहीं. त्याला नुसतें तोंड पुरतें. पण एकदां कोंडा घेऊन गेलेलें गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशीं त्या दारीं येत नाहीं. चांगले गहू ज्याला हवे आहेत त्याच्यापर्यंत, खऱ्या शब्दांत आणि त्याच्या भाषेंत पोंचविणें हें काम मात्र अवघड आहे. तेवढ्यासाठीं कोणी मुलगा किंवा मुलगी दोन वर्षें अभ्यास करूं म्हणत असेल, तर घरानें ठेव मोडण्याचा विचार अवश्य करावा. मुलांनींही रोज रात्रीं पुस्तक मिटतांना, आज किती बोललों याऐवजीं आज कोणाचें ऐकलें, एवढें स्वतःला विचारावें.